एन्रॉनची हमी: सरकारने सही केली, तरी पैसे का अडकले?



मागच्या व्हिडिओत आपण प्रोजेक्ट लोनबद्दल बोललो होतो. त्याखाली बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता: "सर, पाठीशी सरकारची हमी असेल तर मग रिस्क कसली? पैसे बुडणारच नाहीत ना?"

प्रश्न छान आहे. उत्तरासाठी लांब जायची गरज नाही, आपल्या कोकणातच जाऊ. रत्नागिरी जिल्ह्यातला गुहागर तालुका. तिथला दाभोळ वीज प्रकल्प, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेला "एन्रॉन". या प्रकल्पाला राज्य सरकारची हमी होती. त्यावर केंद्र सरकारची प्रतिहमी होती. परदेशी बँका होत्या, विमा होता, लंडनमधल्या लवादाची सोय होती. एवढं सगळं असूनही २००१ साली प्लांट बंद पडला.

असं का झालं, हे समजून घेतलं तर पतसंस्थेत मित्रासाठी जामीनदार म्हणून सही करताना तुमचा हात नक्की थांबेल. म्हणून आजचा लेख थोडा मोठा आहे. चहा घेऊन बसा.

आधी बेसिक: हमी म्हणजे नेमकं काय?

हमीमध्ये तीन माणसं असतात. कर्ज घेणारा, कर्ज देणारा आणि मध्ये उभा राहणारा हमीदार. पहिल्याने पैसे दिले नाहीत तर तिसरा देणार. भारतीय करार कायदा, १८७२ मधलं कलम १२६ हेच सांगतं.

लोक जे विसरतात ते पुढच्या कलमात आहे. कलम १२८ म्हणतं की करारात वेगळं काही ठरलं नसेल, तर हमीदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागायचं, सगळं संपलं की मगच हमीदाराकडे यायचं, असं बंधन नाही. बँक थेट तुमच्या दारात येऊ शकते.

आता प्रतिहमी. हमीदाराच्या मागे उभा राहिलेला आणखी एक हमीदार, एवढं साधं आहे. गावाकडच्या भाषेत, जामीनदाराचा जामीनदार.

दाभोळमध्ये साखळी अशी होती. वीज तयार करणार दाभोळ पॉवर कंपनी. विकत घेणार महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. मंडळाने बिल भरलं नाही तर राज्य सरकार भरणार. राज्याने भरलं नाही तर केंद्र भरणार, आणि मग ते पैसे राज्याच्या वाट्यातून वळते करून घेणार. नीट बघा, शेवटी पैसा कोणाचा? महाराष्ट्राचाच. साखळीत कड्या वाढल्या, पण पैशाची विहीर तीच राहिली.

एवढी हमी लागलीच कशाला?

१९९१ साल आठवा. देशाकडे परकीय चलन जवळपास संपलं होतं. विजेची टंचाई होती. सरकारकडे नवीन वीजनिर्मिती केंद्रं उभारायला पैसा नव्हता, म्हणून वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांसाठी खुली केली. त्यांना यावंसं वाटावं म्हणून भांडवलावर १६ टक्के परतावा मिळेल असं धोरण ठेवलं. निवडक आठ प्रकल्प "फास्ट ट्रॅक" म्हणून पुढे घेतले. त्यातला सगळ्यात गाजलेला दाभोळ.

जून १९९२ मध्ये अमेरिकेची एन्रॉन कंपनी आणि आपलं वीज मंडळ यांच्यात प्राथमिक समजुतीचा करार झाला. दाभोळ पॉवर कंपनीत सुरुवातीला एन्रॉनचा वाटा ८० टक्के, जनरल इलेक्ट्रिकचा १० आणि बेक्टेलचा १० टक्के. एकूण क्षमता ठरली २,०१५ मेगावॅट. पहिला टप्पा ६९५ मेगावॅटचा.

आता स्वतःला बँकरच्या खुर्चीत बसवा. अशा प्रकल्पाला कर्ज देताना मूळ कंपनीची बाकीची मालमत्ता तारण नसते. प्लांट चालला, वीज विकली गेली, पैसे आले, तरच हप्ता मिळणार. यालाच प्रोजेक्ट फायनान्स म्हणतात. इथे बँकर फक्त एकच प्रश्न विचारतो: गिऱ्हाईक कोण?

दाभोळचं गिऱ्हाईक एकच, वीज मंडळ. आणि मंडळाची तब्येत? शेतीला स्वस्त वीज, गळती, चोरी, थकलेली बिलं. अशा एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर कोणती बँक कोट्यवधी डॉलर देईल? कोणीच नाही. म्हणून हमी हवी होती. फेब्रुवारी १९९४ मध्ये राज्याची हमी झाली आणि सप्टेंबर १९९४ मध्ये पहिल्या टप्प्यासाठी केंद्राची प्रतिहमी झाली.

इथे एक गोष्ट वहीत लिहून ठेवा. हमीची गरज जितकी जास्त, तितकं मूळ गिऱ्हाईक कमजोर. कोणी तुमच्याकडे दोन-दोन जामीनदार मागतोय, तर तो तुम्हाला सांगतोय की मूळ कर्जदाराच्या कमाईवर त्याचा विश्वास नाही. मग तुम्ही कशाच्या जोरावर विश्वास ठेवताय?

जागतिक बँकेने दिलेला इशारा

१९९३ मध्ये केंद्र सरकारने जागतिक बँकेकडे या प्रकल्पासाठी मदत मागितली. बँकेने अभ्यास केला आणि नकार दिला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: आयात वायूवरची ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग पडेल, एवढ्या मोठ्या प्रमाणात ती सतत घ्यायची मंडळाला गरज नाही, आणि त्याचा आर्थिक भार मंडळाला झेपणार नाही.

तरीही डिसेंबर १९९३ मध्ये वीज खरेदी करार झाला. आणि पुढे कर्जही मिळालं! अमेरिकेची एक्झिम बँक, तिथलीच परदेशी गुंतवणुकीला आधार देणारी ओपिक ही संस्था, परदेशी बँकांचा गट आणि आपल्या आयडीबीआयच्या पुढाकाराने भारतीय वित्तसंस्था.

एका बँकेला जो प्रकल्प झेपणारा वाटला नाही, तो बाकीच्यांना कसा वाटला? कारण बाकीच्यांसमोर प्रश्नच वेगळा होता. "हा धंदा चालेल का?" असं विचारण्याऐवजी "नाही चालला तर आपले पैसे कोण देईल?" असं विचारलं गेलं. उत्तर तयार होतं: सरकार. जामीनदार भक्कम दिसला की सावकार धंद्याचा हिशोब कमी बघतो. हे माणसाचं आहे, बँकेचंही तेच.

कराराच्या पोटातला खरा काटा

आता आकडे. घाबरू नका, सोपं करून सांगतो.

विजेच्या दरात दोन भाग होते. पहिला स्थिर आकार. प्लांट तयार उभा आहे एवढ्यासाठी द्यायचा, वीज घ्या किंवा घेऊ नका. दुसरा इंधनाचा आकार, जेवढी वीज घ्याल तेवढा.

समजा स्थिर आकार ९० रुपये आहे आणि इंधन युनिटला २ रुपये. हे आकडे फक्त समजण्यासाठी आहेत, प्रत्यक्षातले नाहीत.

- ९० युनिट घेतली, तर स्थिर आकार युनिटमागे १ रुपया. एकूण दर ३ रुपये.
- ३० युनिटच घेतली, तर स्थिर आकार युनिटमागे ३ रुपये. एकूण दर ५ रुपये.

दिसलं? वीज महाग आहे म्हणून मंडळाने कमी घेतली. कमी घेतली म्हणून ती अजून महाग झाली. महाग झाली म्हणून आणखी कमी घेतली. हा भोवरा आहे, आणि करार वीस वर्षांचा.

ज्यांनी मॉलमध्ये गाळा भाड्याने घेतलाय त्यांना हे लगेच कळेल. विक्री होवो न होवो, भाडं सुटत नाही.

त्यात भर डॉलरची. दराचा मोठा हिस्सा डॉलरशी बांधलेला होता. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता, २००१ मध्ये सुमारे ४७ रुपयांना. म्हणजे डॉलरमधला जो हिस्सा आधी १०० रुपयांचा होता, तो काहीही न बदलता दीडशेवर गेला. मंडळाचा ग्राहक बिल कशात भरतो? रुपयात. कमाई रुपयात आणि देणं डॉलरमध्ये. निर्यात-आयात करणाऱ्या मित्रांनो, हे वाक्य दोनदा वाचा.

पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला तो नाफ्थ्यावर. पुढे तेलाचे भाव चढले तसा नाफ्थाही चढला. २००० मध्ये काही महिन्यांत ही वीज युनिटला सात रुपयांच्याही वर गेली.

आणि मग राजकारण पेटलं

कागदावरचं गणित आपण बघितलं. आता जमिनीवर काय चाललं होतं ते बघू.

प्रकल्पाचं नाव दाभोळ, पण जागा वाशिष्ठीच्या खाडीच्या अलीकडे, गुहागर तालुक्यात. अंजनवेल, वेलदूर, रानवी ही तिथली गावं. लोकांचे प्रश्न साधे होते. जमीन जाणार, पाण्याचं काय? गरम पाणी समुद्रात सोडलं तर मासळीचं काय? आंबा-काजूचं काय? मोर्चे झाले, जमावबंदी आली, अटका झाल्या. बंदोबस्तावरच्या राखीव पोलिसांचा खर्च कंपनी उचलत होती, असं ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ च्या अहवालात नोंदवलं आणि आंदोलकांशी झालेल्या वागणुकीवर कडक टीका केली.

राज्याच्या पातळीवर १९९५ ची विधानसभा निवडणूक आली. करार शरद पवार यांच्या सरकारच्या काळातला. विरोधात शिवसेना-भाजप युती. प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा प्रचारात गाजली. युती जिंकली, मनोहर जोशी मुख्यमंत्री झाले. उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीने प्रकल्पाची तपासणी केली, आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी विधानसभेत प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली.

कंपनी गेली लंडनच्या लवादात. सरकार गेलं मुंबई उच्च न्यायालयात. काम ठप्प.

मग तीन महिन्यांत वारं फिरलं. नोव्हेंबर १९९५ मध्ये एन्रॉनच्या रिबेका मार्क मुंबईत येऊन बाळासाहेब ठाकरे यांना भेटल्या. पुन्हा बोलणी झाली आणि जानेवारी १९९६ मध्ये सुधारित करार जाहीर झाला. गंमत बघा. आधी दुसरा टप्पा घ्यायचा की नाही हे मंडळाच्या मर्जीवर होतं. सुधारित करारात दोन्ही टप्पे पक्के झाले आणि एकूण क्षमता वाढून २,१८४ मेगावॅट झाली. दर कमी करून घेतला, पण एकूण ओझं वाढलं.

घासाघीस करताना आपणही हेच करतो. "रेट कमी कर, मी डबल ऑर्डर देतो." रेट कमी झाल्याचा आनंद होतो, पण डबल माल ठेवायचा कुठे?

करार बदलला, मग हमीचं काय?

हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत आहे.

करार कायद्याचं कलम १३३ सांगतं: कर्ज देणारा आणि घेणारा यांनी हमीदाराला न विचारता कराराच्या अटी बदलल्या, तर बदलानंतरच्या व्यवहारांसाठी हमीदार मोकळा होतो. तत्त्व साधं आहे. मी ज्या कागदावर सही केली, तो कागदच बदलला तर माझी सही कशाला लागू?

म्हणूनच १९९६ मध्ये करार बदलल्यावर केंद्राची प्रतिहमी पुन्हा पक्की करून घेणं भाग होतं. ती कोणी दिली? मे १९९६ मध्ये अटलबिहारी वाजपेयी यांचं सरकार तेरा दिवस टिकलं. त्या तेरा दिवसांच्या सरकारच्या मंत्रिमंडळाने, जाता जाता, प्रतिहमीला मंजुरी दिली. डिसेंबर १९९६ मध्ये प्रकल्पाचं काम पुन्हा सुरू झालं.

यातून काय दिसतं? विरोधात असताना एक बोलणं आणि सत्तेत आल्यावर दुसरी सही, हे सगळ्याच बाजूंनी झालं. एक पक्ष चांगला, दुसरा वाईट, असं म्हणायला मी हा लेख लिहीत नाहीये. मुद्दा एवढाच: हमी कागदावर कायम राहते, पण ती देणारी माणसं, त्यांची गणितं आणि त्यांची इच्छा बदलत राहते.

परीक्षेचा दिवस: २००१

२००० च्या अखेरीस मंडळाची बिलं थकायला लागली. कंपनीने आधी राज्याच्या हमीवर दावा केला. तिथेही पैसे अडल्यावर फेब्रुवारी २००१ मध्ये केंद्राच्या प्रतिहमीवर दावा केला.

आता तुम्हाला वाटेल, बटण दाबलं की पैसे बाहेर. तसं झालं नाही.

मंडळाने आधीच कंपनीवर ४०१ कोटी रुपयांचा दंड लावला होता. कारण काय, तर मागितली तेव्हा करारात ठरलेल्या वेळात प्लांट पूर्ण क्षमतेला आला नाही. मंडळाची भूमिका अशी की बिलाचे पैसे या दंडातून वळते करून घ्या, आमच्याकडे येणं निघत नाही. कंपनीला हे मान्य नव्हतं.

म्हणजे भांडण "पैसे कोण देणार?" यावर राहिलंच नाही. ते "मुळात देणं आहे का?" यावर गेलं. हमीचा खरा कमकुवत सांधा हाच. हमीदाराला पैसे द्यायचे नसतील, तर तो "मी हमी दिलीच नाही" असं म्हणत नाही. तो म्हणतो, "आधी बिल बरोबर आहे का ते ठरवा."

पुढच्या घटना भराभर घडल्या. एप्रिल २००१ मध्ये कंपनीने सांगितलं की राजकीय कारणांमुळे आम्हाला करार पाळणं अशक्य झालंय. राज्याने नेमलेल्या माधव गोडबोले समितीने अहवालात निर्णयप्रक्रियेतल्या चुकांवर बोट ठेवलं आणि पुन्हा वाटाघाटी करून दर खाली आणायला सांगितलं. मे २००१ मध्ये मंडळाने करार रद्द ठरवला आणि वीज घेणं थांबवलं. दुसऱ्या टप्प्याचं बांधकाम जवळपास पूर्ण होत आलेलं, तेही थांबलं. आणि २ डिसेंबर २००१ रोजी अमेरिकेत खुद्द एन्रॉनच दिवाळखोरीत गेली, तिच्या स्वतःच्या हिशोबातल्या भानगडींमुळे.

सुमारे तीन अब्ज डॉलरचा प्रकल्प. गुहागरच्या किनाऱ्यावर यंत्रं उभी, वीज शून्य.

मग शेवटी कोणी भरलं?

हा भाग लोक विचारत नाहीत, पण आपण विचारू.

दुसऱ्या टप्प्याला केंद्राची प्रतिहमी नव्हती. तिथे परदेशी बँकांच्या कर्जाच्या मोठ्या भागाला आपल्याच भारतीय वित्तसंस्थांनी हमी दिली होती. म्हणजे प्लांट बंद पडल्यावर परदेशी बँकांचं ओझंही बरंचसं भारतीय बँकांच्या खांद्यावर आलं. त्या बँकांत पैसे कोणाचे? तुमचे-आमचे.

वाद देशात आणि परदेशात चार वर्षं चालले. शेवटी २००५ मध्ये तडजोडी झाल्या आणि रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी स्थापन झाली. त्यात एनटीपीसी, गेल, भारतीय वित्तसंस्था आणि राज्याचं वीज मंडळ. म्हणजे खासगी पैशाने उभा राहणारा प्रकल्प अखेर सरकारी संस्थांच्या पदरात आला. पुढेही त्याला पुरेसा वायू मिळाला नाही आणि तो मध्ये पुन्हा बंद राहिला. नंतर रेल्वेला वीज देण्यासाठी त्यातला काही भाग सुरू झाला.

आता पहिला प्रश्न पुन्हा घेऊ: सरकारची हमी असेल तर रिस्क संपते का? नाही. हमी रिस्क संपवत नाही, ती फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात टाकते. आणि ज्याच्या खिशात टाकली त्याला ते बऱ्याचदा उशिरा कळतं, कारण हमी देताना खिशातून एक रुपयाही जात नाही. सरकारच्या अंदाजपत्रकातही हमी खर्च म्हणून दिसत नाही. ती वेगळ्या तक्त्यात शांत झोपलेली असते. जागी होते ती थेट बिल घेऊनच.

म्हणूनच पुढे नियम कडक झाले. वित्तीय जबाबदारी कायदा २००३ मध्ये आला आणि त्याखालच्या नियमांनी केंद्राने एका वर्षात नव्याने द्यायच्या हमींवर जीडीपीच्या अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली.

मग सरकारी हमी वाईटच का?

नाही हो, असं म्हणू नका. रस्ते, धरणं, मेट्रो, वीज यांत पैसा वीस-तीस वर्षं अडकतो. राजकीय वातावरण तापलेलं असेल तर कोणताही सावकार एकटा पुढे येत नाही. अशा वेळी सरकारने काही जोखीम उचलणं योग्यच. पण कोणती? सरकारच्या हातात असलेली: जमीन वेळेवर देणं, परवानग्या, कायदा अचानक न बदलणं. इंधनाचा भाव, डॉलरचा दर आणि गिऱ्हाईक मिळणार की नाही, हे सगळंच सरकारच्या डोक्यावर टाकलं तर कंपनीला धंदा नीट करायचं कारणच उरत नाही.

आणि दुसरं, लोकांना बाजूला ठेवून केलेला करार पुढच्या निवडणुकीत उघडा पडतोच. दाभोळचा वीज खरेदी करार सुरुवातीला लोकांसमोर नव्हता. जे लपवलं जातं त्याच्यावर संशय आधी येतो, आकडे नंतर बघितले जातात. राजकीय अशांतता ही वादळासारखी बाहेरून येणारी गोष्ट आहे असं आपण धरतो. इथे तिचा बराचसा भाग करार करण्याच्या पद्धतीतूनच आला.

आता तुमच्या टेबलावर

तुम्ही पॉवर प्लांट काढणार नाही, मला माहीत आहे. पण हमी तुमच्या आयुष्यात रोज येते. तीन ठिकाणं बघा.

*एक, तुमच्याच कंपनीच्या कर्जाला तुमची वैयक्तिक हमी.* प्रायव्हेट लिमिटेड केली म्हणजे घर सुरक्षित, असं समजू नका. संचालक म्हणून वैयक्तिक हमी दिली की ती भिंत तुम्हीच पाडता. डिसेंबर २०१९ पासून कंपन्यांच्या वैयक्तिक हमीदारांवरही दिवाळखोरी कायद्याखाली कारवाई होऊ शकते. कंपनीचा प्रश्न त्या कायद्याखाली मिटला म्हणून हमीदार आपोआप सुटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२१ मध्ये स्पष्ट केलं.

*दोन, सरकारी क्रेडिट गॅरंटी योजना.* छोट्या उद्योगांना तारणाशिवाय कर्ज मिळावं म्हणून सीजीटीएमएसई ट्रस्ट आहे. चांगली योजना आहे, जरूर वापरा. पण एक गैरसमज काढून टाका. ही हमी बँकेला आहे, तुम्हाला नाही. कर्ज थकलं तर ट्रस्ट बँकेच्या नुकसानाचा काही भाग देतो. तुमचं कर्ज माफ होत नाही. वसुली तुमच्या मागे चालूच राहते.

*तीन, मित्र, मेहुणा, भागीदार यांच्यासाठी जामीन.* "अरे, फक्त सही कर, फॉर्मॅलिटी आहे." फॉर्मॅलिटी असती तर पतसंस्थेने मागितली असती का?

सही करण्याआधीचे सात प्रश्न

१. मूळ कर्जदाराचा हप्ता कुठून येणार? गिऱ्हाईक एकच असेल तर दुप्पट विचार करा.

२. माझ्या हमीला रकमेची मर्यादा आहे का? "सर्व देणी" असं लिहिलं असेल तर आकडा टाकायला सांगा.

३. मुदत किती? चालू राहणारी हमी असेल, तर कलम १३० प्रमाणे पुढच्या व्यवहारांसाठी लेखी नोटीस देऊन ती थांबवता येते. आधीच्या देण्यातून मात्र सुटका नाही.

४. कर्जाच्या अटी बदलल्या तर मला विचारणार का? बँकेच्या छापील फॉर्ममध्ये बहुतेक वेळा तुम्ही हा हक्क सोडून दिल्याचं कलम असतं. ते शोधा. न वाचता सही करू नका.

५. कमाई आणि देणं एकाच चलनात, एकाच वेळेत आहे का? गिऱ्हाईक नव्वद दिवसांनी पैसे देणार आणि हप्ता दर महिन्याला, तर खड्डा आहे.

६. विक्री निम्मी झाली तरी कोणते खर्च थांबणार नाहीत? हा तुमचा स्थिर आकार. दाभोळची विहीर तिथेच होती.

७. उद्या मलाच पूर्ण रक्कम भरावी लागली, तर माझं घर कसं चालेल? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर सही नको.

आणि हो, हमीदार म्हणून पैसे भरावेच लागले तर हात जोडून बसू नका. कलम १४० आणि १४५ प्रमाणे ते पैसे मूळ कर्जदाराकडून वसूल करायचा हक्क तुम्हाला मिळतो. भरल्याच्या पावत्या, बँकेची पत्रं, सगळं जपून ठेवा आणि वकिलाला दाखवा.

आजचा गृहपाठ

आज रात्री घरातली फाइल काढा. तुम्ही आजवर कुठे-कुठे हमीदार म्हणून सही केली आहे, त्याची यादी करा. नाव, बँक किंवा पतसंस्था, रक्कम, मुदत, आणि आज किती बाकी आहे. बेरीज करा. मग तो आकडा घरातल्या दुसऱ्या कर्त्या माणसाला दाखवा. बहुतेक घरांत हा आकडा फक्त सही करणाऱ्यालाच माहीत असतो, आणि कधी कधी त्यालाही नसतो.

पुढच्या व्हिडिओत आपण बँकेच्या हमीपत्राचा छापील मसुदा ओळीओळीने वाचणार आहोत. तुमच्या यादीतून निघालेले प्रश्न खाली लिहा, नावं आणि खाते क्रमांक न टाकता. जमतील तेवढे त्यात घेऊ.

भेटू लवकरच. हिशोब चोख ठेवा!